माती धुणारी मोहरी आणि राखेवरचा बांबू

ओल्या कचऱ्याचं खत घरी कसं करायचं, यावर या सदरात लिहिलं तेव्हा तुमच्याकडून आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला. खत आम्ही करू हो, पण मातीच खराब असेल तर? आणि खराब म्हणजे नापीक नव्हे, तर शिसं, कॅडमियम, क्रोमियम असले धातू मिसळलेली. काहींनी सोबत व्हिडिओही पाठवले होते. त्यात ठासून सांगितलेलं असतं की सूर्यफूल किंवा मोहरी लावा, झाड जमिनीतलं विष ओढून घेतं आणि माती पुन्हा शुद्ध होते. हे खरं आहे का?

खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं थेट तुमच्या ताटाशी जोडलेलं आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. भाजीची देठं, केळीची सालं कुजतात कारण त्यांचे रेणू मोडतात. सांडलेलं डिझेलसुद्धा जमिनीतले जिवाणू हळूहळू मोडून खातात. धातूचं तसं नाही. शिसं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जाळलं तरी राखेत किंवा धुरात उरतं, पुरलं तरी पुरलेल्या जागी राहतं. आज अंगणात पडलेलं शिसं तुमच्या नातवंडांच्या काळातही शिसंच असेल. म्हणजे आपल्या हातात तीनच गोष्टी उरतात: ते तिथून उचलून दुसरीकडे नेणं, आहे तिथेच बांधून ठेवणं, किंवा त्याचं रूप बदलून कमी घातक करणं. झाडं आणि मातीतले जिवाणू जे काही करतात ते या तिघांपैकीच एक असतं. चौथी जादू कुठेच नाही.

या सगळ्याला शास्त्रज्ञ 'फायटोरेमेडिएशन' म्हणतात. अर्धा शब्द ग्रीक, अर्धा लॅटिन. 'फायटो' म्हणजे वनस्पती आणि 'रेमेडियम' म्हणजे उपाय. इंग्रजी साहित्य शिकताना अशा जोडशब्दांना नाकं मुरडायला शिकवतात, पण इथे तो चपखल बसतो. मराठीत आपण सरळ 'झाडांकडून मातीची दुरुस्ती' म्हणू.

आता झाडं मुळात धातू घेतात कशाला? कारण त्यांना ते लागतात. लोह, जस्त, तांबं, मँगनीज, अगदी निकेलसुद्धा, चिमूटभर का होईना, प्रत्येक झाडाला हवं असतं. त्यासाठी मुळांवर जणू दारं असतात. गोंधळ असा होतो की काही घातक धातू या उपयोगी धातूंसारखेच दिसतात. कॅडमियम जस्ताच्या दारातून आत शिरतं. आर्सेनिक फॉस्फेटचा वेष घेऊन येतं, आणि झाड त्याला खत समजून आत घेतं. बहुतेक झाडं असा पाहुणा आत आला की त्याला मुळातच कोंडून ठेवतात. पण थोड्या जाती अशा आहेत की त्या धातू खुशाल पानांपर्यंत नेतात आणि साठवतात. किड्यांनी पानं खाऊ नयेत म्हणून असेल, असा एक अंदाज आहे.

न्यू कॅलेडोनिया नावाच्या बेटावर एक झाड आहे. त्याच्या सालीला चीर दिली की निळसर हिरवा चीक येतो. तो रंग निकेलचा असतो. १९७६ साली शास्त्रज्ञांनी या चिकाची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा वाळवलेल्या चिकात वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकं निकेल सापडलं होतं. मलेशियातल्या साबामध्ये तर अशाच एका झाडाची निकेलसाठी शेती करून पाहिली आहे. फांद्या छाटायच्या, जाळायच्या आणि राखेतून निकेल काढायचं. हे दुसरं झाड आपल्या आवळ्याच्या कुळातलं आहे. आवळा मात्र बिनधास्त खा, त्याला हा छंद नाही.

आर्सेनिकसाठी एक नेचा प्रसिद्ध आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये लाकडाला वाळवी लागू नये म्हणून जिथे आर्सेनिकचं द्रावण वापरत, त्या जागेवर तो मजेत वाढत होता. लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली 'नेचर'मध्ये त्यावर लिहिलं. त्याच्या एक किलो वाळलेल्या पानांत हजारो मिलिग्रॅम आर्सेनिक निघालं. हा नेचा आपल्याकडेही आहे. जुन्या विहिरींच्या कठड्यांवर, चुन्यात बांधलेल्या भिंतींच्या ओलसर फटींत जो लांब पानांचा, शिडीसारखा दिसणारा नेचा उगवतो, त्यात हाही असतो. आमच्या दतिया गेटच्या आसपास जुन्या बांधकामांच्या भिंतींतून पावसाळ्यात काय काय डोकावतं, ते बघताना आता माझी नजर बदलली आहे.

मग मोहरी? मोहरीचं नाव या विषयात १९९०च्या दशकात गाजलं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात इल्या रास्किन यांच्या गटानं दाखवलं की आपली राईची मोहरी शिसं आणि इतर धातू बऱ्यापैकी उचलते. ती त्या नेच्यासारखी धातूची हावरट नाही, पण भराभर वाढते आणि तिचा पालाही भरपूर होतो. न्यू जर्सी राज्यातल्या ट्रेंटनमध्ये पूर्वी बॅटऱ्यांचा कारखाना असलेल्या एका जागेवर तिचा प्रयोगही झाला. व्हिडिओवाल्यांची मोहरी तिथून आलेली आहे.

पण जरा कागद-पेन्सिल घ्या. शाळेतल्या मुलांना हा हिशेब जरूर करायला सांगा. एक एकर जमिनीतली वरची वीतभर माती साधारण १००० टन भरते. समजा तिच्या प्रत्येक किलोमागचं शिसं आपल्याला १०० मिलिग्रॅमनं कमी करायचं आहे. म्हणजे एकूण १०० किलो शिसं उचलायचं. आता समजा एकरी ४ टन वाळलेला मोहरीचा पाला निघाला आणि त्याच्या प्रत्येक किलोत १०० मिलिग्रॅम शिसं चढलं. एका पिकात किती उचललं? ४०० ग्रॅम. म्हणजे २५० पिकं घ्यावी लागणार! वर्षाला दोन धरली तरी सव्वाशे वर्षं. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, प्रत्येक जमिनीत ते वेगळे असतील, पण प्रकरण कोणत्या मापाचं आहे ते कळतं. नेच्याचा आणि आर्सेनिकचा असाच हिशेब करा: एकरी २ टन वाळलेली पानं, किलोमागे ४००० मिलिग्रॅम. एका वर्षात ८ किलो. बारा-तेरा वर्षांत काम होईल. हे जमण्यासारखं आहे. थोडक्यात, कोणता धातू आणि कोणतं झाड यावर सगळं अवलंबून आहे. शिसं तर फार हट्टी. ते मातीच्या कणांना असं चिकटतं की मुळांच्या हाती सहज लागत नाही.

यावर तोड म्हणून ईडीटीए नावाचं रसायन मातीत घालून शिसं सुटं करायचा उपाय निघाला. मोहरीत जास्त शिसं चढलं खरं, पण सुटं झालेलं सगळं शिसं काही मोहरी उचलत नाही. उरलेलं पावसाच्या पाण्याबरोबर खाली, भूजलात जाण्याची भीती. उपाय नको पण रसायन आवर, अशी गत.

सूर्यफुलाची कथा याहून बोलकी आहे. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर जवळच्या एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं लावली, मुळं पाण्यात सोडली आणि त्यांनी किरणोत्सारी सीझियम, स्ट्रॉन्शियम उचललं. फोटो जगभर गेले. मग २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात झाला, तेव्हा लोकांनी मोठ्या आशेनं शेतांत सूर्यफुलं पेरली. तिथल्या कृषी खात्यानं मोजून पाहिलं तर परिणाम नगण्य. कारण पाण्यातलं सीझियम सुटं होतं, मातीतलं सीझियम चिकणमातीच्या पापुद्र्यांत अडकून बसलं होतं. फूल तेच, पण काम वेगळं. फोटो मात्र अजून तेच फिरतात.

आता ताटाची गोष्ट. थंडीत दतिया गेटकडे भाजीच्या हातगाड्यांवर मोहरीचा पाला येतो. चाकवत, पालक, मुळ्याची पानं आणि सरसोंचे हिरवे भारे. बुंदेलखंडात मोहरी म्हणजे रब्बीचं हक्काचं पीक; पाला भाजीला, दाणे तेलाला, पेंड जनावरांना. जी मोहरी अमेरिकेत माती 'धुवायला' लावली जाते, तीच इथे आपण गरम भाकरीबरोबर खातो. प्रयोगाच्या शेतात पीक कापल्यावर ते धोकादायक कचरा म्हणून वेगळं नेतात. व्हिडिओमध्ये हा भाग सहसा नसतो. मोहरीला कोणी सांगत नाही की आज तू प्रयोगात आहेस आणि उद्या भाजीत. कारखान्याच्या नाल्याकाठी पिकलेली पालेभाजी म्हणजे कोणी न ठरवता चाललेला हाच प्रयोग, आणि त्यातला कचरा ठेवण्याची जागा म्हणजे आपलं पोट.

म्हणून मला वाटतं, आपल्यासारख्या देशात 'उचला' यापेक्षा 'धरून ठेवा' हा मार्ग जास्त शहाणपणाचा आहे. आणि त्याचं चांगलं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. ते नागपूरजवळ आहे.

खापरखेड्याचं औष्णिक वीज केंद्र तुम्हाला नावानं तरी माहीत असेल. कोळसा जाळून वीज. आपल्या देशी कोळशात राख पुष्कळ, साधारण ३० ते ४५ टक्के. म्हणजे शंभर किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते. कोळशात असलेले धातू जळत नाहीत, ते या राखेत गोळा होतात. विदर्भात हिला राखड म्हणतात. ही राखड पाण्यात कालवून तळ्यात सोडतात, ती वाळते, आणि उन्हाळ्यात वारा सुटला की गावागावांत उडते. अंगणातल्या वाळवणावर, पापडांवर, छातीत.

अशा राखडीवर काही उगवत का नाही? कारण ती माती नसतेच. त्यात नत्र नाही, ते जळताना उडून गेलेलं. स्फुरद झाडाला मिळेल अशा रूपात नाही. सेंद्रिय पदार्थ नाही, पाणी धरून राहत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिवाणू जवळजवळ नाहीत. चांगल्या मातीच्या एका चिमटीत कोट्यवधी जीव असतात. इथे सामसूम.

नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली नीरी, हिनं खापरखेड्याच्या १० हेक्टर राखडीवर काम केलं. डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे त्यावरचे निबंध २००८-०९ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्याआधी नागपूर जिल्ह्यातल्याच गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर नीरीनं हीच पद्धत वापरली होती. तिथे साखर कारखान्यातला प्रेसमड घातला होता. एका कारखान्याचा कचरा दुसऱ्याच्या जखमेवर लावायचा, ही कल्पना मला फार आवडली.

खापरखेड्यात त्यांनी काय केलं, ते शेतीशी नातं असलेल्या घरांना लगेच समजेल. हेक्टरी ५० टन शेणखत. त्यावर नत्र धरणारे जिवाणू, म्हणजे रायझोबियमच्या जातकुळीतले आणि ॲझोटोबॅक्टर. आणि मायकोरायझा. पहिल्या दोघांची पाकिटं कृषी सेवा केंद्रात मिळतात. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतात ना, तेच जिवाणू खत. नीरीनं फक्त त्या जागेला मानवतील असे जिवाणू वापरले. मायकोरायझा ही बुरशी आहे. ती मुळाला चिकटून राहते आणि तिचे बारीक धागे मूळ पोचणार नाही अशा फटीत शिरून पाणी, स्फुरद आणून देतात. बदल्यात झाड तिला साखर देतं. शेजारधर्म म्हणा.

निकाल असे. शेणखतानं राखडीची पाणी धरून ठेवायची ताकद ४० टक्क्यांवरून ६२ टक्क्यांपर्यंत गेली. जिवाणूंमुळे नत्र साडेचार पट वाढलं, मायकोरायझामुळे स्फुरद दहा पट. जिथे जिवाणू जवळजवळ नव्हते, तिथे एका ग्रॅम राखडीत सात-सात, नऊ-नऊ कोटी जिवाणू मोजले गेले. राखडीतल्या धातूंचा घातकपणा कमी झाला: कॅडमियमचा २५ टक्क्यांनी, तांब्याचा ४६, निकेलचा ४८ आणि शिशाचा ४७ टक्क्यांनी. आणि तिथे लावलेला भरीव बांबू, ज्याची आपण लाठी करतो तो, खत-जिवाणू न दिलेल्या बांबूच्या पंधरा पट वाढला.

'४७ टक्क्यांनी कमी' हे वाचून शिसं नाहीसं झालं असं समजू नका. मघाशी ठरलंय ना, ते नाहीसं होत नाही. झालं एवढंच की शेणखतातल्या सेंद्रिय पदार्थानं त्याला मिठी मारली. ते राखडीतच आहे, पण सुटं नाही. मुळांना, पाण्याला सहज मिळत नाही. वरून बांबूच्या मुळांचं जाळं, त्यामुळे राखड उडत नाही. पानं पडतात, कुजतात, आणखी सेंद्रिय पदार्थ तयार होतो, मिठी आणखी घट्ट होते. हे काम झाडानं एकट्यानं केलं नाही, आणि जिवाणूंनीही नाही. शेणखत नसतं तर जिवाणू उपाशी मेले असते, जिवाणू नसते तर बांबू खुरटला असता, आणि बांबू नसता तर वाऱ्यानं शेणखतासकट सगळं उडवून नेलं असतं.

याच ढिगावर लावलेल्या इतर झाडांमध्ये कासोद होता. रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचे घोस येतात तो कासोद. तपासणीत असं दिसलं की बाकीच्या झाडांपेक्षा त्यानं सगळे धातू जास्त प्रमाणात आपल्यात घेतले होते. शास्त्रज्ञांच्या दृष्टीनं हा गुण आहे. पण अशा ठिकाणचा पाला शेळीला घालणाऱ्याच्या दृष्टीनं? एकाच झाडाकडे बघायच्या या दोन नजरा आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत.

या प्रयोगानं त्या भागातला राखेचा प्रश्न सुटला, असंही नाही. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात शेजारच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नदीत गेलं. झाडं कोरड्या ढिगाला धरून ठेवतात. फुटक्या बंधाऱ्याला बांबू काय करणार?

जिवाणूंचं आणखी एक काम राहिलं, रूप बदलण्याचं. क्रोमियमची दोन रूपं आहेत. एक पाण्यात सहज विरघळणारं आणि कर्करोग करणारं, दुसरं फारसं न विरघळणारं आणि पुष्कळच कमी घातक. मातीतले कितीतरी जिवाणू पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करतात. कानपूर देहातमधल्या रनिया-खानचंदपूर भागात क्रोमियमच्या कारखान्यांचा कचरा वर्षानुवर्षं उघड्यावर पडून भूजल बिघडलं आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. अशा जागांसाठी या जिवाणूंवर बरंच संशोधन चालतं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये तर युरेनियमच्या जुन्या कारखान्याखालच्या पाण्यात जिओबॅक्टर नावाच्या जिवाणूंना ॲसिटेट, म्हणजे व्हिनेगरच्या कुटुंबातलं खाद्य, सोडून पाहिलं. जिवाणू वाढले आणि पाण्यात विरघळलेलं युरेनियम न विरघळणाऱ्या रूपात खाली बसलं. मात्र खाद्य थांबलं आणि ताजी हवा पोचली की ते पुन्हा सुटू शकतं. म्हणजे लक्ष ठेवायला माणूस लागतोच.

आता आमच्या झाशीकडे येते गोष्ट. दतिया गेटपासून कानपूर रस्त्यानं साधारण २५ किलोमीटरवर, बेतवाकाठी, पारीछाचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथेही राखेचे डोंगर, आणि उन्हाळ्यात उडणाऱ्या राखेबद्दल आसपासच्या गावांची तक्रार काही नवी नाही. केंद्र सरकारच्या २०२१च्या अधिसूचनेनुसार वीज केंद्रांनी सगळी राख विटा, सिमेंट, रस्ते यांत वापरून संपवायची आहे, पण जुने ढीग एका दिवसात संपत नाहीत. खापरखेड्यात जमलं ते इथे का जमू नये? गवतावर काम करणारी देशाची मोठी संस्था १९६२ पासून झाशीत आहे, शेतीत झाडं कशी बसवायची याचा अभ्यास करणारी केंद्रीय कृषिवानिकी संस्थाही इथेच आहे. ज्ञानाची वाण नाही.

अडचण वेगळीच आहे, आणि ती नागपूरच्या निबंधात सापडणार नाही. बुंदेलखंडात 'अन्ना प्रथा' आहे. रब्बीचं पीक निघालं की लोक गुरं मोकळी सोडतात, आणि हल्ली तर भाकड गायी वर्षभर मोकळ्याच फिरतात. मे महिन्यात, जिथे नजर जाईल तिथे काही हिरवं नसताना, राखेच्या ढिगावर हिरवंगार गवत उभं राहिलं, तर पहिली कोण पोचेल? गाय. ती पाटी वाचत नाही. मग धातू पानातून गायीत, गायीतून दुधात किंवा शेणात, शेणातून परत कोणाच्या तरी शेतात. म्हणून इथे असं काही करायचं तर आधी कुंपणाचा आणि राखणदाराचा खर्च धरायला हवा, रोपांचा नंतर. माझ्या मते गुरं तोंड लावत नाहीत किंवा कमी लावतात अशा जाती इथे आधी निवडाव्यात. वाळ्याचं जून गवत गुरं फारशा आवडीनं खात नाहीत, त्याची मुळं खूप खोल जातात आणि बहुतेक धातू तो मुळातच ठेवतो. उन्हाळ्यात माठात टाकायला वाळा विकत घेता ना? तो कुठल्या जमिनीतून आला, हे मात्र मग विचारावं लागेल!

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. घरच्या मातीचं काय?

घाबरून जाऊ नका, बहुतेकांची माती ठीक असते. पण तुमचं घर जुन्या बॅटरी दुरुस्तीच्या, पितळ-तांब्याच्या किंवा मुलामा देण्याच्या कामाच्या शेजारी असेल, कारखान्याच्या नाल्याकाठी असेल, किंवा जुन्या खिडक्या-ग्रिलचा रंग वर्षानुवर्षं खरवडून अंगणातच पडला असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. घरगुती रंगात शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. पुढच्या वेळी ग्रिल घासाल तेव्हा खाली प्लास्टिक अंथरा आणि खपल्या गोळा करा. मुलं त्याच मातीत खेळतात आणि हात तोंडात घालतात. शिसं मुलांच्या अंगात भाजीपेक्षा या मार्गानं जास्त सहज जातं.

माती तपासायची असेल तर एक लक्षात घ्या. सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम त्यात नाहीत. तेव्हा 'पत्रिका चांगली आली' म्हणजे धातू नाहीत, असं नव्हे. प्रयोगशाळेला 'जड धातूंची तपासणी' असं वेगळं सांगावं लागतं आणि त्याचे पैसेही वेगळे.

शंका आहे पण तपासणी झालेली नाही, अशा जागी पालेभाज्या आणि मुळं-कंद लावू नका. पालक, मेथी, मोहरी, मुळा, गाजर हे सगळ्यात जास्त उचलणाऱ्यांतले. टोमॅटो, भेंडी, वांगी, घेवडा, म्हणजे ज्यांचं फळ खातो त्या भाज्यांत धातू तुलनेनं कमी पोचतात. पालेभाजी हवीच असेल तर बाहेरची चांगली माती आणून कुंडीत किंवा विटांच्या उंच वाफ्यात लावा. शेणखत, गांडूळखत सढळ हातानं घाला. खापरखेड्यात जे झालं तेच तुमच्या वाफ्यात छोट्या प्रमाणात होतं, सेंद्रिय पदार्थ धातूंना धरून ठेवतो. उघडी माती गवतानं किंवा पालापाचोळ्यानं झाकून टाका. भाजी नीट धुवा, कारण बऱ्याचदा धातू पानाच्या आत कमी आणि वर बसलेल्या धुळीत जास्त असतो.

आणि ज्यांनी व्हिडिओ बघून सूर्यफूल लावलंच आहे त्यांच्यासाठी. ठेवा, फूल छान दिसतं. शंकेच्या जागी झेंडू, शेवंती, गुलाब, काहीही फुलझाड चालेल. जमीन झाकलेली राहते आणि कोणी ते खात नाही. फक्त त्या सूर्यफुलाच्या बिया पोपटांना, मुलांना देऊ नका, पाला शेजारच्या गायीपुढे टाकू नका. आणि हंगाम संपला की त्या झाडांचं खत करून तुळशीच्या किंवा कोथिंबिरीच्या कुंडीत घालू नका. तो ढीग वेगळाच ठेवा.